रायफलला कुंदा कोणता बसवावा? नव्या परवानाधारकांसाठी

वडिलांच्या नावावरची रायफल वारस म्हणून आपल्या नावावर झाली की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच काम करतात. ती पुसून, तेल लावून, आरशासमोर खांद्याला लावून बघतात. मीही तेच केलं. वडील पाच फूट तीन इंच, मी पाच फूट दहा. रायफल खांद्याला लागली तेव्हा माझा अंगठा जवळजवळ नाकाला टेकत होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. रेंजवर पहिलीच गोळी झाडली आणि त्या अंगठ्याच्या गाठीनं नाकातून रक्त काढलं. तिथले एक वयस्कर गृहस्थ हसत म्हणाले, "बापाच्या वहाणा घालून पळायलास का रे?"

हा लेख त्या वहाणांबद्दल आहे, म्हणजे रायफलच्या कुंद्याबद्दल: खांद्याला आणि गालाला टेकणारं तिचं लाकूड. नळी आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा लोखंडी दांडा) कारखान्यातून येतात, त्यात आपण फार काही करू शकत नाही. कुंदा मात्र अंगाला मोजून घ्यायची वस्तू आहे. लोक नेमकं उलटं करतात. आधी लाकूड पसंत करतात, मग नक्षी, मग पॉलिश, आणि माप शेवटीसुद्धा घेत नाहीत.

आधी कागद

हे थोडक्यात सांगतो, पण वगळू नका. या रायफलला दुकानात ‘हंटिंग रायफल’ म्हणत असले तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकात घुसतात म्हणून शेतीरक्षणासाठी परवाना मिळालेला असला, तरी प्रत्यक्ष जनावर मारायला वनखात्याच्या अधिकाऱ्याची वेगळी, लेखी परवानगी लागते. काळविटाचा तर विचारही करू नका, तो अनुसूची एकमध्ये आहे.

दुसरं, १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही धरले आहेत. नुसता लाकडी कुंदा त्यात बसतो की नाही यावर पारावर वाद घालण्यापेक्षा, काहीही मागवण्याआधी परवानाधारक गन हाउसला विचारा. संकेतस्थळावर दिसला म्हणून परदेशातून मागवू नका. घडीच्या कुंद्याच्या फंदातही पडू नका. जागलीला जाणाऱ्या माणसाला रायफल लपवायचं कारण काय?

हातात कोणती रायफल आहे ते ओळखा

मोजमाप करण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागी, करंगळी घालून बघा, मग बोल्टच काढून बाजूला ठेवा. ली एनफील्ड (इंग्रजी फौजेची जुनी रायफल) घडणीच्या रायफलीत बोल्ट पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वर उचलावं लागतं, तेव्हाच तो बाहेर येतो. जोर लावू नका. घरात दोन रायफली असतील तर बोल्टांची अदलाबदल होऊ देऊ नका, प्रत्येक बोल्ट आपापल्या नळीशी जुळवलेला असतो. पुढचं सगळं काम बोल्ट बाहेर ठेवूनच करायचं. बोल्ट लागेल तिथं मी तसं सांगेन.

आपल्याकडे परवान्यावर हमखास दिसणारी बोल्ट रायफल म्हणजे ३१५ बोर (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), पश्चिम बंगालच्या ईशापूर कारखान्याची. काडतूस ८×५०आर मॅनलिकर, बुडावर खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का. हे वेगळं बोर का, तर इंग्रजांच्या काळात ३०३ ही फौजेची गोळी होती आणि ती खाजगी माणसाच्या हाती पडू द्यायची नव्हती. बोर बदललं, रायफलीची घडण मात्र ली एनफील्डचीच राहिली. कुंद्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच की हिचं लाकूड दोन तुकड्यांत असतं. मागचा कुंदा वेगळा, नळीखालचं पुढचं लाकूड वेगळं, आणि मधे लोखंडी खोबण. माउझर घडणीच्या रायफलीत मात्र शेपटीपासून टोकापर्यंत एकच लाकूड असतं. एकीचा कुंदा दुसरीला बसत नाही, कोणी कितीही ‘बसवून देतो’ म्हटलं तरी.

दोन तुकड्यांचा फायदा असा की माप चुकत असेल तर फक्त मागचा भाग बदलून भागतं. फौजेला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. लष्करी ली एनफील्डचे कुंदे वेगवेगळ्या लांबीचे असत आणि बट प्लेटजवळ, म्हणजे शेपटीवरच्या लोखंडी पट्टीजवळ, लाकडावर अक्षर ठोकलेलं असे. नॉर्मलला एन, अर्धा इंच लांब असेल तर एल, अर्धा इंच आखूड तर एस, आणि पूर्ण इंच आखूड असलेला बँटम, म्हणजे बी. हजारो शिपायांना एकच माप चालत नाही, मग तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना एकच कसं चालेल?

एक गोष्ट मात्र काळजीची. मागचा कुंदा आतून एका लांब बोल्टनं (हा गोळीचा बोल्ट नव्हे, स्क्रूसारखा आवळायचा) आवळलेला असतो. बट प्लेटमागच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घातला की तो सापडतो, आणि तो फिरवायचा मोह होतो. जुन्या एसएमएलई (आखूड ली एनफील्ड) घडणीत या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असून पुढच्या लाकडातल्या एका पत्रीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न उतरवता तो बोल्ट फिरवला की चौकोन पत्रीला पिळतो आणि लाकूड फाटतं. एका दुकानात माझ्यासमोर हे झालं. उडीद फुटावा तसा ‘टच्’ आवाज आला आणि कारागीर म्हणाला, "आधीच चीर असेल." नव्हती. तेव्हा आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मगच मागचा बोल्ट. हे काम दुकानात होणार असलं तरी तुम्ही शेजारी उभे राहा.

लांबीचं माप

चापाच्या मध्यापासून बट प्लेटच्या मध्यापर्यंत शिंप्याची टेप लावा. तयार स्पोर्टिंग रायफलीत हे अंतर साधारण साडेतेरा इंच, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या अंगाला किती हवं ते बघायची ढोबळ रीत अशी: कोपर काटकोनात वाकवा, कुंद्याची शेपटी दंडाला आतून टेकवा आणि तर्जनी चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं तर माप बरं आहे. बोट ताणावं लागलं तर कुंदा लांब, दुसरं पेर पोचलं तर आखूड.

ही रीत ढोबळ आहे, कारण मान किती लांब, खांदा किती रुंद हे तिला कळत नाही. खरी परीक्षा खांद्यावर. रायफल रोजच्यासारखी लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी बाजूनं बघायला सांगा. मुठीवरच्या अंगठ्याची गाठ आणि नाक यांत दोन बोटांची फट हवी. माझ्या वेळी अर्धं बोटसुद्धा नव्हती.

आता एक गोष्ट, जी दुकानदार विचारत नाही: रायफल तुम्ही कोणत्या महिन्यात वापरणार? डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या नाहीतर हुरड्याला आलेल्या ज्वारीच्या वावरात जागलीला बसायचं असेल, तर अंगात स्वेटर, त्यावर जर्किन, खांद्यावरून घोंगडी. दोन-अडीच सेंटिमीटर कापडातच गेले. मे महिन्यात पातळ सदऱ्यावर माप घेऊन केलेला कुंदा थंडीत काखेत अडकतो. म्हणून जर्किन घालून माप घ्या, दुकानातली माणसं हसली तरी. थोडा आखूड कुंदा उन्हाळ्यात चालवून घेता येतो, लांब कुंदा थंडीत चालवून घेता येत नाही.

गाल कुठे टेकतो

लांबी लोकांना लवकर कळते. उंची कळायला वेळ लागतो, आणि जास्तीचे नेम तिथंच चुकतात.

भिंतीवर खडूनं एक टिंब काढा. बोल्ट नसलेली रायफल घेऊन डोळे मिटा, ती खांद्याला लावा, गाल कुंद्याच्या वरच्या कडेवर आरामात टेकवा, मग डोळे उघडा. मागच्या साइटच्या खाचेतून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा, सरळ दिसली तर उंची जुळली. फक्त साइटचं लोखंड दिसलं आणि डोकं वर उचलावं लागलं तर कड खाली आहे. माशी खाचेच्या वर तरंगत दिसली आणि गाल दाबावा लागला तर कड उंच आहे. हे दहा वेळा करा. एका वेळच्या दिसण्यावर विश्वास ठेवू नका, माणूस नकळत मान वाकवून जुळवून घेतो.

वर दुर्बीण बसवली की सगळं बदलतं. ती साइटपेक्षा बरीच उंच बसते. जुन्या, उतरत्या कडेच्या कुंद्यावर दुर्बिणीतून बघायला गाल सुटतो आणि हनुवटी टेकते. मग डोकं हलतं, चित्राच्या कडेला काळी सावली येते, आणि नीट दिसावं म्हणून माणूस पुढे सरकतो. बऱ्याच दुर्बिणींना डोळ्यापासून तीन-चार इंच अंतर लागतं. पुढे सरकलेल्या माणसाच्या भुवईवर धक्क्यानं दुर्बिणीची कडा बसते. आमच्या भागात दोन माणसं अशी आहेत ज्यांच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र कोरलेला आहे, आणि दोघंही विचारल्यावर गाडीवरून पडल्याचं सांगतात.

कुंदा बदलण्याआधी किती उंची हवी ते फुकटात कळतं. जुन्या हवाई चपलेचा तळ कापून पट्ट्या करा आणि एकेक पट्टी चिकटपट्टीनं कडेवर लावत मिटल्या डोळ्यांची परीक्षा परत करा. नेम जुळला की पट्ट्यांची जाडी मोजून वहीत लिहा. आता बोल्ट घालून, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तो पूर्ण मागे ओढून बघा. बोल्ट कडेच्या पुढच्या टोकावरूनच मागे येतो, तिथं लाकूड उंच ठेवलं तर तो अडतो. ही तपासणी लाकूड तासून झाल्यावर करणारे लोक मी पाहिले आहेत.

आकार

मापं हातात आली की आकार जवळजवळ आपोआप ठरतो. साधी साइट वापरणार असाल तर सरळ कडेचा, जुन्या धाटणीचा कुंदा घ्या. त्यात धक्का सरळ खांद्यात जातो. शेपटीकडे फार उतरता कुंदा असेल तर नळी वर उसळते आणि गालफडात बसते.

दुर्बीण कायमची असेल तर माँटे कार्लो. यात कड गालापाशी उंच असते आणि शेपटीच्या आधी पायरीसारखी खाली उतरते, त्यामुळे गाल वर राहतो आणि शेपटी खांद्यावर जागच्या जागी बसते. चांगल्या माँटे कार्लोची कड पुढच्या बाजूला किंचित उतरती असते. त्यामुळे रायफल मागे येताना लाकूड गालापासून दूर जातं. उलटा उतार असेल तर प्रत्येक गोळीला गालफडात बुक्की. दुकानात फूटपट्टी ठेवून बघा. मात्र माँटे कार्लोवर साधी साइट वापरायला गेलात तर गाल खाली जाणारच नाही. दोन्ही हवं म्हणणाऱ्यानं सरळ कुंदा ठेवावा आणि दुर्बीण लावताना कातडी पट्ट्यानं बांधायची गादी वापरावी. दिसायला ती गाढवाच्या खोगिरासारखी दिसते, पण काम करते.

अंगठा घालायच्या भोकाचा कुंदा बसून, निवांत नेम धरायला स्थिर असतो. पण बोल्ट ओढायला दर वेळी अंगठा बाहेर काढावा लागतो, आणि डावखुऱ्याला उजव्या हाताच्या घडणीचा तो निरुपयोगीच. नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेला मॅनलिकर धाटणीचा कुंदा दिसायला सगळ्यांत देखणा. तुमच्या काडतुसाच्या नावातही मॅनलिकर आहे, म्हणून भुलू नका. नळीला जितकं जास्त लाकूड लागून, तितका पावसाळ्यात नेम हलण्याचा धोका जास्त. अॅल्युमिनियमचा सांगाडा स्पर्धेतल्या नेमबाजांसाठी सोडून द्या.

डावखुऱ्यांसाठी एवढंच की गालाची उंचवट गादी उजव्या हाताच्या माणसाला कुंद्याच्या डाव्या बाजूला असते. तुम्हाला ती उजवीकडे हवी, किंवा मुळात नको.

लाकूड की फायबर

मराठवाड्यात लाकडाची परीक्षा अवघड असते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे, हवा कोरडी ठाक, आणि जूनमध्ये तेच लाकूड दमट हवेत. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पुढचं लाकूड रुंदीत हललं की नळीवर एका बाजूनं दाब येतो आणि काल टिंबावर बसणारी गोळी आज चार बोटं सरकते. एकदा निवडणुकीच्या आचारसंहितेत रायफल ठाण्यात जमा होती, पत्र्याच्या छपराखाली ऐन उन्हाळ्यात. परत आणली तेव्हा खालचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल झाले होते. स्क्रू कोणी हात लावून ढिले केले नव्हते, लाकूडच आकसलं होतं.

अक्रोडाला तोड नाही. वजनाच्या मानानं मजबूत, स्क्रू धरून ठेवतं, कमी हलतं, तासायला गुळगुळीत. काश्मिरी अक्रोडाचा वाळलेला ठोकळा मिळाला तर पुढे बघू नका. शिसव देखणं आणि कणखर, पण जड. धक्का कमी जाणवतो, पण वाहून वाहून खांदा जास्त दुखतो. सागवानाचा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल, विशेषतः किनवट-माहूरकडचे पाहुणे. साग वाकत नाही, वाळवी लागत नाही, दाराच्या चौकटीला उत्तम. पण त्यात अंगचं तेल असतं, डिंक नीट धरत नाही, आणि धक्का बसणाऱ्या पातळ जागी रेषेवरून फाटतो. मी स्वतः सागाचा कुंदा घेणार नाही. बाभूळ चिवट आहे, पण पुरती वाळलेली नसेल तर धनुष्य होते. आंब्याच्या लाकडाचा कुंदा कोणी स्वस्तात देत असेल तर त्याचा पाट करा.

लाकूड कोणतंही असो, मुठीपाशी, म्हणजे हातानं धरायच्या पातळ जागी, रेषा बघा. कुऱ्हाडीचा दांडा घेताना आपण रेषा दांड्याच्या लांबीनं धावते का बघतो, अगदी तसंच. मुठीत रेषा आडवी कापली गेली असेल तर तो कुंदा एक दिवस तिथंच मोडणार, वरून लाटांची नक्षी कितीही सुंदर असो. शेपटीला नक्षी असू द्या, मुठीला सरळ रेषा हवी.

पातळ थर चिकटवून दाबलेलं लॅमिनेट हवामानाला दाद देत नाही, वजनाला मात्र जड. फायबर किंवा प्लास्टिकच्या कुंद्याला पाऊस-ऊन सारखंच. पण साचातला स्वस्त प्लास्टिकचा कुंदा मुठीत दाबून बघा. पुढचा भाग वाकून नळीला टेकला तर तो परत ठेवा. शिवाय आतून पोकळ असतो, तुरीच्या फणकटाला घासला की रिकाम्या डब्यासारखा वाजतो. आणि ३१५ साठी म्हणून दाखवलेला तयार कुंदा खरंच दोन तुकड्यांच्या घडणीचा आहे का, हे लोखंडी खोबणीला लावून बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

बदलायचाच आहे का?

हा प्रश्न पहिला विचारायला हवा होता, पण मापं घेतल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कुंदा फक्त लांबीला कमी असेल तर शेपटीला रबरी पॅड आणि मधे एखादी पट्टी, काम झालं. जास्त असेल तर कापता येतो, पण अर्धा सेंटिमीटर जास्तच ठेवून. कापलेलं परत चिकटत नाही. कड खाली असेल तर कातडी गादी. माझ्या अंदाजानं दहातल्या सात जणांचं काम एवढ्यात भागेल. नवा कुंदा लागतो तो मूठ तडकली असेल, पुढच्या लाकडाची मागची टोकं फुटली असतील, किंवा उंचीत फारच फरक असेल तेव्हा. ती मागची टोकं नक्की बघा. गोळीचा धक्का लोखंडाकडून लाकडाला तिथंच मिळतो. दोन्ही बाजू सारख्या टेकायला हव्यात. एकच बाजू टेकत असेल तर तिथं केसासारखी चीर दिसेल.

करून घेताना

काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाउसमध्येच. रायफल ठेवून येणार असाल तर नंबरासह पावती घ्या. दुसऱ्याच्या हाती पाठवायची वेळ आली तर कायदा तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी नेऊ देतो, नुसतं ‘दादानं पाठवलंय’ चालत नाही. गावातल्या सुताराचा हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे रायफल ठेवता येत नाही. त्याला पुठ्ठ्याचा साचा द्या, तो लाकडाचा ठोकळा ढोबळ तासून देईल. लोखंडाला बसवणं दुकानात.

पुढचं लाकूड बसवताना ‘नळी पूर्ण मोकळी ठेवा’ असा सल्ला मिळेल. एकसंध कुंद्याच्या माउझर रायफलीत तो बहुतेक वेळा बरोबर असतो. ली एनफील्ड घडणीत नळीला पुढे लाकडाचा थोडा आधार ठेवायची जुनी रीत आहे. तिथं सरसकट खरवडू देऊ नका. आधी होतं तसंच बसवून रेंजवर बघा, मग ठरवा.

कच्चा कुंदा घरी आला की जवसाचं तेल. जवस आपल्याच वावरातलं, पण घाण्याचं कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. रंगाच्या दुकानात ‘बेलतेल’, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मागा, ते लवकर वाळतं. चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळा, तासाभरानं उरलेलं पुसा, दुसऱ्या दिवशी परत. आठ-दहा हात हवेत. बट प्लेटखालचा आणि लोखंड बसतं तो आतला भाग विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत टाका, किंवा एकेक पसरून वाळवा.

नवा कुंदा म्हणजे नेम नव्यानं जुळवणं. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, म्हणून त्यासाठी पंधरा-वीस आधीच राखून ठेवा आणि मान्यताप्राप्त रेंजवरच जा. पहिल्या पाच गोळ्यांनंतर खालचे स्क्रू परत आवळा, आधी पुढचा, मग मागचा. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की आठवड्यानं एकदा, आणि दिवाळीनंतर एकदा, स्क्रूच्या खाचा कुठल्या दिशेला आहेत ते बघा. मी खाचेच्या रेषेत लाकडावर पेन्सिलनं बारीक खूण करून ठेवली आहे, म्हणजे स्क्रू सरकला तर स्क्रूड्रायव्हर न लावताच दिसतं.